रॉक कॉन्सर्ट: घरच्यांसोबत स्टँडमध्ये की मित्रांसोबत खाली?

पाचपाखाडी

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतोय. तुमचे अनुभव हवेत.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचा तिसरा शो होता. आधी १८ आणि १९ असे दोनच जाहीर झाले होते, मागणी बघून हा वाढवला. आम्ही शाळेपासूनचे चार मित्र. या बँडचा पहिला अल्बम 'पॅराशूट्स' २००० साली आला तेव्हा आम्ही अकरावीत होतो. एकाच्या मोठ्या भावाने आणलेली कॅसेट चौघांच्या घरी आळीपाळीने फिरायची. रीळ अडकलं की पेन्सिल घालून गुंडाळायचं, आणि ज्याच्याकडे अडकलं त्याने पुढच्याला वडापाव द्यायचा असा नियम होता. हे लोक कधी इथे आले तर चौघांनी एकत्र उभं राहून ऐकायचं, हे तेव्हाच ठरलं होतं. २०१६ मध्ये ते बीकेसीला आले तेव्हा मी नोकरीसाठी बाहेरगावी होतो, हुकलं.

या वेळी चार तिकिटं खालची, उभं राहायची मिळाली. बायकोच्या फोनवरून स्टँडमधली तीन मिळाली: ती, आमची अकरा वर्षांची लेक आणि मेव्हणी. दोन दिवस आधी मेव्हणी तापाने पडली. तिकीट कुणाला द्यायचं यावर जेवताना चर्चा चालली होती, तर आई म्हणाली, "मी येते. वीस वर्षं बंद दाराच्या बाहेरून ऐकलंय. एकदा बघू तरी दे."

आई सहासष्ट वर्षांची. गुडघा दुखतो. ठाण्याहून पनवेल लोकलने नेरूळ, तिथून वीस-पंचवीस मिनिटं चालत. गेटवरची गर्दी बघून तिने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. तिला आणि लेकीला बायकोच्या भरवशावर सोडून मला खाली जाववेना. शेवटी बायकोच म्हणाली, "तुमचं तिकीट मला द्या." ती माझ्या तीन मित्रांबरोबर खाली गेली आणि मी वर आई आणि लेकीच्या मध्ये बसलो.

मनगटावर बांधायचे ते दिव्यांचे पट्टे सगळ्यांना मिळाले होते. आईच्या हातात हिरव्या बांगड्या, त्यांच्या मागे हा पट्टा सारखा सरकायचा. 'यलो' सुरू झालं आणि सगळं स्टेडियम एकदम पिवळं झालं. आईच्या मनगटावरचा पट्टाही पेटला आणि त्या उजेडात बांगड्यांचा हिरवा रंग हळदीसारखा दिसायला लागला. ती हात वर करायची विसरली, नुसती बघत बसली. ज्या गाण्यासाठी पंचवीस वर्षं थांबलो होतो त्याच्या अर्ध्या वेळात मी स्टेजकडे बघितलंच नाही.

आता प्रश्न. त्या तिघांपैकी एक मित्र अजून दुखावलेला आहे. तो भांडला नाही, फक्त एकदा म्हणाला, "आपलं ठरलं होतं." आणि ते खरंच आहे. पुढे कधी असा बँड आला तर तुम्ही काय कराल? घरचे आणि मित्र एकत्र न्यावेत का? की दोन्हीची सरमिसळ करूच नये?

मेघना_घणसोली

तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. खालचं तिकीट असं मागून घ्यायला धाडस लागतं.

मी १९ तारखेला होते, सासूबाई आणि दोन नणंदा सोबत. एकदम झकास. पण बायकांच्या बाजूने एक सांगते. सात-आठ तास बाहेर काढायचे असतात. दुपारी गेट उघडायच्या सुमाराला जाऊन उभं राहायचं, आधी इतर कलाकार (आमच्या वेळी जसलीन रॉयल होती), मग मुख्य कार्यक्रम, मग परतीची गर्दी. स्वच्छतागृहाची रांग बघून नणंदेने पाणीच पिणं सोडलं आणि शेवटी तिला चक्कर आली. स्टँडमध्ये निदान बसता येतं आणि रांगेत जाऊन परत आपल्या जागी येता येतं. खाली एकदा बाहेर पडलात की पुढची जागा गेली. वय झालेलं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर स्टँडच, यात वादच नको.

जुनाखोड

धाग्याने जुने दिवस आठवले. माझं पहिलं 'कॉन्सर्ट' म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. तिथे १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरायचं. उघडं नाट्यगृह, लाकडी बाकं, आणि सगळी आपल्याकडचीच पोरं वाजवणारी. ठाण्याहून आम्ही तिघं जायचो, परतताना शेवटची कर्जत गाठायला व्हीटीपर्यंत पळत. घरी सांगून जायची सोयच नव्हती. वडिलांना वाटायचं क्रिकेटचा सराव आहे.

नंतर २००३ ला ब्रेबॉर्नवर रोलिंग स्टोन्स, २००८ ला बीकेसीत आयर्न मेडन. दोन्हींना मित्रांबरोबर. २०१९ च्या डिसेंबरात याच डी. वाय. पाटीलला यू-टू आले तेव्हा मात्र मुलाने तिकीट काढलं आणि मला घेऊन गेला. खांद्याला खांदा लावून उभे होतो. मी ज्यांच्या कॅसेटी लपवून ठेवायचो तेच ऐकायला माझा मुलगा मला हात धरून नेतो, हे मला पचायलाच दोन-तीन गाणी गेली.

पाचपाखाडी, तुम्ही केलंत ते बरोबर. मित्राची समजूत निघेल. आईचं वय मागे जाणार नाही.

सहावीतार

थोडा विरोधी सूर लावतो.

पहिलं, कोल्डप्लेला रॉक बँड म्हणावं का यावर माझं दुमत आहे. सुरुवातीचे दोन अल्बम, हो. आत्ताचं बरंचसं पॉप आहे, रंगीत फुगे आणि कागदाचे तुकडे उडवणारं. दुसरं, रॉकचा कार्यक्रम अंगावर घ्यायचा असतो. बेसचा आवाज छातीत बसला पाहिजे, शेजारच्या अनोळखी माणसाचा घाम आपल्याला लागला पाहिजे. कुणाच्या गुडघ्याची आणि कुणाच्या डब्याची काळजी करत ते होत नाही. घरच्यांना नेणं म्हणजे जत्रेला नेणं. जत्राही चांगलीच असते, पण ती वेगळी गोष्ट आहे.

तलावपाळी

घाम लागायचा असेल तर सकाळी ८.२० ची ठाणे-वाशी पकडा, शेजारचा अनोळखी माणूसही मिळेल आणि तिकीटही स्वस्त. 😄

चिंगीची_आई

@सहावीतार, जत्रा म्हणालात ते मला अजिबात पटलं नाही. माझी लेक नऊ वर्षांची. ती गिटार शिकते. तिला पुस्तकात कॉर्ड-सुरांची नावं कळत होती, पण चार माणसं एकमेकांकडे बघून एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी सुरू करतात, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. परत आल्यावर तिने क्लासमध्ये सरांना विचारलं, "आपण एकटेच का वाजवतो?" आता ती आणि शेजारचा मुलगा मिळून वाजवतात. याला जत्रा कसं म्हणायचं?

मधे एकदा गायकाने सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगितले, एक गाणं फोनशिवाय. माझ्या नवऱ्याने ऑफिसचा फोन खरोखर बंद केला. असं मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

कानसेन

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. वाशीत प्रॅक्टिस करते. जानेवारीच्या त्या आठवड्यानंतर 'कानात शिट्टी वाजते' म्हणून बरेच जण आले होते, म्हणून लिहिते.

८५ डेसिबल आवाजात आठ तास राहिलं तरी चालतं असं धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला साधारण १५ मिनिटं. मोठ्या कॉन्सर्टमध्ये स्पीकरच्या जवळ आवाज सहज शंभरीला जातो, आणि कार्यक्रम दोन तासांचा असतो. हिशोब तुम्हीच करा.

मुलांना कानावर बसणारे मफ्स घ्या, हेडफोनसारखे दिसतात ते. आपल्याला फोमचे बोळे चालतात, पण ते घालायची रीत आहे. बोटांनी वळून वातीसारखे बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, मग बोळा आत सारून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचला तर काही उपयोग नाही. फोमने वरचे सूर दबतात, गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. ज्यांना ते नको त्यांनी वादक वापरतात तसे फिल्टरचे प्लग घ्यावेत. थोडे महाग, पण वर्षानुवर्षं टिकतात.

कानात शिट्टी दोन दिवसांत गेली नाही तर दाखवा. आठवडाभर वाट बघू नका.

पाचपाखाडी

@कानसेन, मनापासून आभार. लेकीला मफ्स होते, आईला मात्र मी कापूस दिला होता. कापसाने काय होतं?

कानसेन

जवळजवळ काहीच नाही. पण तुम्ही वर स्टँडमध्ये होता, स्पीकरपासून लांब, त्यामुळे फार काळजी नको. पुढच्या वेळी बोळे न्या.

सेक्टरसात

तुम्ही सगळे एक दिवस येऊन जाता, आम्ही इथेच राहतो. स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर. तीन दिवस रस्ते वळवलेले, सोसायटीच्या गेटसमोर गाड्या लावून लोक गायब. मुलीची बारावीची पूर्वपरीक्षा चालू होती, खिडक्या लावून बसली होती. लाऊडस्पीकरचा नियम रात्री दहाचा आहे आणि कार्यक्रम दहाच्या आत संपलाही, ते मान्य. पण अभ्यास संध्याकाळी सहा ते दहाच असतो ना?

तरी खरं सांगते. तिसऱ्या दिवशी साडेआठला ती पुस्तक मिटून म्हणाली, "चल गच्चीवर." गच्चीवर अख्खी बिल्डिंग होती. वयस्कर काका खुर्च्या घेऊन आले होते, कुणीतरी शेंगदाणे आणले होते. स्टेज दिसत नव्हतं, पण आकाशात उजेड रंग बदलत होता आणि इतक्या लोकांचा एकत्र गायचा आवाज लाटेसारखा यायचा. गाणं ओळखू येत नव्हतं मला, आवाज मात्र अजून कानात आहे.

मला एवढंच हवं आहे की गाड्या बाहेर लांब लावायला लावाव्यात आणि रहिवाशांना आधी नीट सांगावं.

तलावपाळी

@सेक्टरसात, गाडीचं शंभर टक्के अनुमोदन. नेरूळला ट्रान्सहार्बर आहे, हार्बर आहे, आता उरणचीही आहे. गाडी आणायचीच कशाला? २०२५ च्या नोव्हेंबरात इथेच आपल्या मुलींनी वर्ल्डकप जिंकला तेव्हाही मी लोकलनेच गेलो होतो.

परतीसाठी एक युक्ती: सगळे नेरूळकडे धावतात. तिकडे न जाता जुईनगरला चालत जा. थोडं लांब पडेल, पण ठाण्याची गाडी आधी जुईनगरहून भरते की नेरूळहून हा प्रश्न उरतो, म्हणून... नाही, थांबा. पनवेलहून येणारी गाडी नेरूळला आधी येते. म्हणजे माझी युक्ती बसायच्या जागेसाठी नाही, फलाटावर श्वास घेण्यासाठी आहे. आणि परतीचं तिकीट जातानाच काढा.

फेडर

ध्वनी हा माझा धंदा आहे, छोटे-मोठे शो करतो. स्टँड की फ्लोअर यात आवाजाचाही भाग आहे, तो कुणी मांडला नाही म्हणून लिहितो.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुम्ही स्टेजपासून शंभर मीटरवर असाल तर ड्रमवर काठी पडलेली दिसते आणि आवाज पाव सेकंदाहून जास्त उशिरा येतो. म्हणून मैदानाच्या मध्यावर आणखी स्पीकरचे मनोरे उभे करतात आणि त्यांचा आवाज मोजून तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज तुमच्या कानात एकदम पोचतो. हे जुळवायला आमची माणसं दुपारभर रिकाम्या मैदानात फिरत असतात. आणि संध्याकाळी माणसं भरली की सगळं बदलतं, कारण माणसांचे अंग आणि कपडे आवाज पितात.

सगळ्यात चांगला आवाज कुठे? जिथे साउंडवाल्यांचा तंबू असतो त्याच्या आसपास. कारण जो मिक्स करतो तो तिथे बसूनच ऐकतो. अगदी पुढे कठड्याला लटकलात तर गायक जवळून दिसेल, पण ऐकायला येईल मुख्यतः खालचा बेस. @सहावीतार, छातीत बसायला तो छान, पण गिटार ऐकायची तर मागे या.

सहावीतार

@फेडर, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. पुढच्या वेळी तंबू शोधतो.

@चिंगीची_आई, जत्रा हा शब्द मागे घेतो. तुमच्या लेकीचा प्रश्न चांगला आहे. मी स्वतः बारा वर्षं एकटाच वाजवत होतो.

आणि रॉक आहे की नाही हा वाद राहू दे, पण एक गोष्ट या बँडची मलाही आवडते. १९९८ पासून तेच चौघे आहेत, एकही बदललेला नाही. त्यांचा ड्रमर विल चॅम्पियन मुळात ड्रमर नव्हताच. गिटार वाजवायचा. मित्रांच्या बँडला ड्रम वाजवणारा हवा होता म्हणून शिकला. @पाचपाखाडी, तुमच्या धाग्याशी याचा संबंध आहे असं मला वाटतं.

पारसिक_बोगदा

हा धागा मला बायकोने दाखवला. तो दुखावलेला मित्र मीच.

आधी हे लिहितो की वहिनींबरोबर आमची संध्याकाळ उत्तम गेली. सगळी गाणी त्यांना पाठ. आम्हा तिघांना शब्द येत नव्हते तिथे त्या सांगत होत्या. म्हणजे गेली पंधरा वर्षं तू घरी लावायचास ते कुणीतरी लक्ष देऊन ऐकत होतं, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

पण मला वाईट वाटलं होतं, ते खोटं नाही. तू येणार नाहीस याचं नव्हे. तू गेटवर फक्त हात केलास आणि निघून गेलास. मी चौथी जागा धरून ठेवली होती, बॅग ठेवून. वहिनी आल्यावर ती बॅग उचलली. आपली चौघांची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. ती मी त्या दिवशी खिशात घालून आणली होती, तुला दाखवायला. वाजत नाही आता. रीळ चिकटलंय.

काकूंना घेऊन आलास हे योग्यच केलंस. मला तेव्हाच तसं सांगायला हवं होतं.

मेघना_घणसोली

अरे देवा. ऑफिसात बसून रडवलंत.

जुनाखोड

पारसिक, ती कॅसेट फेकू नका. चिकटलेलं रीळ सोडवणारी माणसं अजून आहेत. डबा उघडून नव्या खोक्यात बसवतात. मी माझ्या दोन करून घेतल्या आहेत. निरोप पाठवा, सांगतो.

पाचपाखाडी

काल रात्री वाचलं आणि लगेच कळव्याला गेलो. याच्या जिन्यात बसून बोललो. इथे एवढंच लिहितो की कॅसेट बघितली. बी बाजूवर माझ्या अक्षरात 'वडापाव बाकी' लिहिलेलं आहे.

आता मूळ प्रश्न. पुढच्या वेळी मी खाली, चौघांबरोबर. हे आईनेच ठरवलं. बायको म्हणते तीही खालीच, वर ती आता बसणार नाही. म्हणजे आई आणि लेकीसोबत वर कोण, हा पेच होता. तो आज सकाळी सुटला.

आमचे बाबा भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवतात. त्या दिवशी ते घरीच थांबले होते, त्यांना हा सगळा गोंगाट वाटतो. आईने परत आल्यावर त्यांना सांगितलं होतं, "तो मागे बसून वाजवतो ना, तो नुसता बडवत नाही. जागा सोडतो." बाबांनी तेव्हा पेपर खाली केला नव्हता. आज सकाळी मी सहावीतारांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, की हा मुळात गिटारवाला, मित्रांसाठी ड्रम शिकला. बाबांनी चहा ठेवला आणि विचारलं, "नाव काय म्हणालास त्याचं?"

मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाले, "वर बसायला पाठ टेकते का?"

@मेघना, @तलावपाळी, कुणाला माहीत आहे का, कुठल्या स्टँडच्या खुर्च्यांना पाठ आहे?

तलावपाळी

आमच्या खुर्चीला होती, पण उशी न्या. आणि बाबांसाठी बोळे. कापूस नको.